मावशीला कुणीच रिकामं दिसत नसे

देवाने एकही माणूस रिकाम्या हाताने जगात धाडलेला नाही, यावर माझ्या मोठ्या मावशीचा जितका विश्वास होता, तितका खुद्द देवाचाही नसावा. वाशीमला चर्चच्या मागे, टिनाच्या छपराखाली, मुलींची एक लहानशी शाळा होती. मावशी तिथली मुख्य बाई आणि मी गणिताचा मास्तर. रविवारी उपासना आटोपून, दानपेटीत हात रिकामा करून लोक समाधानाने बाहेर पडत, तेव्हा मावशी दारातच उभी असे. "हे झालं तुमच्या खिशातलं," ती म्हणे, "आता देवानं तुमाले आणखी काय देल्लं, ते सांगा." पुष्कळजण मागच्या दाराने जाऊ लागले, म्हणून तिने तिथे मला उभं केलं.

कोर्टात पुकारा करणारा एक धिप्पाड शिपाई आमच्या मंडळीत होता. त्याचा आवाज ऐकून मावशीने त्याला मुलींना गाणी शिकवायला बसवलं. त्याला सुराचं वावडं आहे, असं मी भीत भीत सुचवलं, तर सूर देव पाहून घेईल, म्हणाली. देवाने काही पाहिलं नाही. त्या नाताळात मुलींनी येशूजन्माचं गीत पक्षकारांना हाका घालाव्यात तसं म्हटलं, आणि पाळकसाहेब अखेरपर्यंत डोळे मिटून बसले. मावशीने शिपायाला मात्र दुखावलं नाही. मुलींना कवायतीची फार गरज आहे, असं तिला दुसऱ्याच दिवशी आठवलं, आणि आमच्या मुली जन्मात पहिल्यांदा सरळ रांगेत चालू लागल्या.

तिची खरी कमाल दिसली ती सखूबाईच्या बाबतीत. चर्चच्या गल्लीत राहणारी ही विधवा इतकी भांडकुदळ, की फेरीवालेसुद्धा तिच्या दारावरून मुकाट्याने जात. तेव्हाच गावाबाहेरच्या एका माळ्याने आपल्या हुशार मुलीला शाळेतून काढून भाजीच्या वाफ्यात बसवलं होतं. सोयरीकही पाहत होता. मी जाऊन आलो, मावशी दोनदा जाऊन आली, पण तो हात जोडून नुसता हसे. मग मावशी सखूबाईकडे गेली आणि गंभीरपणे म्हणाली, की तुमचं भांडण शाळेला पाहिजे. सखूबाईला आयुष्यात कुणी असं काही मागितलं नव्हतं. ती पदर खोचून निघाली आणि वांग्याच्या वाफ्याशी बसून दिवसभर मनसोक्त भांडली.

संध्याकाळी माळी शाळेत आला. "बाई, पोरगी धाडतो," तो म्हणाला, "सोयरीकबी राहू देतो. पण त्या बाईले उद्या पाठवू नोका."

मावशीने त्याला पाणी दिलं, बसवलं, आणि त्याची मेथी बाजारात किती नावाजते हे सांगत सांगत आमच्या पोरी दुपारी कोरडी भाकर खातात, हेही कानावर घातलं. एका बाईपासून सुटायला आलेला तो भला माणूस दुसरीच्या हाती लागला. थंडीपर्यंत शाळेच्या विहिरीजवळ त्याने लावलेला मेथी-पालक डोलू लागला आणि त्याची मुलगी माझ्या वर्गात पहिली आली.

पुढे मावशीची दृष्टी गेली. शाळा नव्या बाईंकडे गेली आणि मावशी घरात भिंतीकडे तोंड करून बसू लागली. साऱ्या गावाला काम शोधून देणाऱ्या तिला स्वतःसाठी काही सापडेना. मी एकदा म्हटलं, की लहान वर्गातल्या मुली वाचतात, पण एकेकीचं ऐकून घ्यायला आम्हाला सवड नाही.

तिने भिंतीकडचं तोंड माझ्याकडे वळवलं. मग म्हणाली, "माही कीव करून राह्यला का रे?"

"नाही. खरंच ऐकायला कुणी नाही."

दुसऱ्या दिवसापासून ती शाळेच्या ओसरीवर खुर्ची टाकून बसू लागली. मुली ओळीने येत, धडा वाचत, आणि ती अडलेला शब्द हळूच पुढे सरकवी. काही लबाड मुली एकदा वाचून झाल्यावर आवाज बदलून पुन्हा येत. मावशी प्रत्येकीला ओळखत असे. तरी ती खुर्ची थोडी पुढे ओढून घेई आणि म्हणे, "वाच माय, तुहं आयकाचं राह्यलंच होतं."