भेटायला आलेली माणसं

आजाऱ्याला बघायला जायची पद्धत ज्याने कोणी काढली, त्याच्या घरात चहा नक्की दुसरंच कोणीतरी करत असणार. हे मी रागाने लिहितेय. इतकी वर्षं झाली, राग काही गेलेला नाही.

नव्वदच्या दशकातली शेवटची वर्षं होती. आम्ही सातपूरला राहायचो. नवरा ओझरच्या कारखान्यात, सकाळी सहाला घराबाहेर पडायचा तो संध्याकाळी उगवायचा. मुलगी सातवीत. मी प्राथमिक शाळेत शिकवायचे. आणि एके दिवशी सकाळी पूजा करताना सासूबाईंच्या हातातली घंटी खाली पडली. उजवी बाजू गेली, बोलणं निम्मं गेलं. पंधरा दिवसांनी त्यांना दवाखान्यातून घरी आणलं आणि मी शाळेत बिनपगारी रजा टाकली.

व्यायाम शिकवायला एक बाई आठवड्यातून एकदा यायच्या. त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं, "पहिले तीन महिने काय ते. दिवसातून चार वेळा एकेक बोट उघडायचं, मिटायचं. वीस-वीस वेळा, सावकाश. बोटं एकदा आखडली की मग काही खरं नाही." सासूबाईंना भरवलेलं मुळीच खपायचं नाही. मी घास पुढे केला की त्या तोंड फिरवायच्या आणि स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत बसायच्या. त्यांना आपल्या हाताने जेवायचं होतं, दुसरं काही नको होतं. एवढीच गोष्ट, आणि ती माझ्यावर होती.

आणि मग माणसं यायला लागली.

कॉलनीतली आली, कारखान्यातली आली, माहेरची, सासरची, मुलीच्या मैत्रिणींच्या आया आल्या. द्राक्षांचे दिवस होते, तर जो तो द्राक्षं घेऊन. जिला पाणीसुद्धा चमच्याने पाजावं लागतं, तिला द्राक्षं! आलेला माणूस पलंगाशेजारी बसायचा, च् च् करायचा आणि मग माझ्याकडे वळायचा, "कसं झालं हो?" की मी सुरू. पूजा, घंटी, रिक्षा, दवाखाना. सांगून सांगून मला ते पाढ्यांसारखं पाठ झालं होतं. त्यावर पुढचा प्रश्न ठरलेला, "आधी काहीच लक्षण नव्हतं?" म्हणजे तुझं लक्ष कुठे होतं, भवाने! एकीने कांद्याचा रस चोळायला सांगितला. एका गृहस्थांनी तर कबुतराचं रक्त सुचवलं, आणि ते कोण आणून देईल हेही सांगितलं. यांतल्या एकालाही चहा नको नसायचा. "नको नको, कशाला त्रास," म्हणत पाय वर घेऊन मांडी घालून बसायचे.

आणि जाताना दारात, चपला घालता घालता, ते एक वाक्य. "तू स्वतःकडेही बघ हं. स्वतःसाठी थोडा वेळ काढ."

कुठून काढू? पिठाच्या डब्यातून? अरे, जो वेळ होता तो आत्ता तुम्हीच नाही का संपवून चाललात!

पण हे मी मनात म्हणायचे. तोंडाने "हो, बघते ना" म्हणायचे आणि हसायचे. त्या हसण्याचा मला आज जास्त संताप येतो. माझं काय होत होतं ते मी कोणाला सांगत नव्हते. बेल वाजली की छातीत धडधडायचं. कुकरच्या शिट्ट्या मोजायला जायचे आणि दोनवर गाडी अडायची. एकदा तर मोरीत नळ मोठा सोडून नुसती उभी राहिले, कोणाचा आवाज ऐकू येऊ नये म्हणून. मुलगी दार वाजवत होती, "आई, पाहुणे आलेत." मी आतून म्हटलं, "आई घरात नाही म्हणून सांग." ती बिचारी खरंच तसं सांगून आली.

पाचव्या आठवड्यात व्यायामाच्या बाई आल्या. त्यांनी सासूबाईंच्या मुठीत रुमालाची गुंडाळी सरकवायला घेतली, ती जाईना. त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तुम्ही व्यायाम घेत नाही."

"घेते ना," मी म्हटलं. खोटं. त्या आठवड्यात दिवसाला एकदाही धड झाला नव्हता.

"घेतला असतात तर हे झालं नसतं," त्या म्हणाल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्याच दुपारी कळवणहून मावससासूबाई आल्या, दोन सुनांना घेऊन. आल्या आल्या बहिणीच्या गळ्यात पडून रडल्या. "लय वाईट झालं गं माय, लय वाईट!" मग डोळे पुसले, पंख्याखाली सरकल्या आणि स्वयंपाकघराकडे बघायला लागल्या. रोजच्यासारखं मी उठायला हवं होतं. उठले नाही.

"मावशी, हात धुऊन या," मी म्हटलं.

"ते कशाला?"

"आईंची बोटं उघडायचीत. मी दाखवते तशी. वीस वेळा."

सुना एकमेकींकडे बघायला लागल्या. मावशींनी हात पदराखाली घेतले. "मला नाय बाई जमायचं. भ्या वाटतं."

"मला नाही वाटत का?" मी इतक्या मोठ्याने ओरडले की समोरच्यांचं दार उघडलं. "मी काय डॉक्टरीण आहे? मला कोणी विचारलं, तुला जमेल का म्हणून? रडायला आलात ना? मग रडत रडत करा!"

मावशींनी हात धुतले. केलं. वीस मोजताना दोनदा चुकल्या. चहा न घेता निघून गेल्या.

त्या दिवसापासून मी नियमच केला. जो येईल त्याने आधी वीस वेळा बोटं उघडायची. बघता बघता गर्दी ओसरली. कोणाला गॅसवर भाजी ठेवल्याचं आठवायचं, कोणाच्या कमरेत उसण भरायची. कबुतरवाले गृहस्थ तर रस्ता बदलून जायला लागले. पुण्याहून नणंदेचा फोन आला, "वहिनी, माणसं तोडलीस तू." नवराही म्हणाला, "लोक काय म्हणतील? निदान चहा तरी देत जा."

"तुम्ही द्या," मी म्हटलं. "रजा टाका आणि द्या."

तो विषय तिथेच मिटला. घर शांत झालं. दिवसातून चार वेळा, घड्याळ लावून, मी बोटं उघडायला लागले.

एका दुपारी असाच व्यायाम चालला होता. सासूबाईंची नजर सारखी दाराकडे. अडखळत म्हणाल्या, "कोणी... आलं नाही?"

माझं डोकंच फिरलं. आजारी बाई, पण मी गप्प बसले नाही. "आलं असतं तर हे कोणी केलं असतं, आई? त्या पाच आठवड्यांत शंभर माणूस येऊन बसून गेलं. एकाने तरी आपणहून तुमचा हात हातात घेतला?"

मी तिसरं बोट संपवून चौथं धरलं. ते हलेना. मग त्यांनी एकेक शब्द जुळवत सांगितलं, "मी पण... जायची. सगळ्यांकडे. बसून... यायची."

मी बोट दाबत राहिले.

"तुझी आई... पडून होती," त्या म्हणाल्या. "तेव्हा... तुझ्या वहिनीने... चहा केला होता."

माझी आई सहा महिने अंथरुणाला होती. मी दर रविवारी जायचे. पलंगाशेजारी बसायचे, रडायचे. आणि निघताना, दारात चपला घालता घालता वहिनीला सांगायचे, तू स्वतःकडेही बघ हं.

सासूबाईंची तीन बोटं सुटली, दोन शेवटपर्यंत मिटलेलीच राहिली. वहिनीला मात्र मी अजून काही बोललेले नाही.