दोन सेकंदांच्या फोटोतला नवतारा

समजा, तुमच्यासमोर आकाशाच्या एकाच तुकड्याचे दोन फोटो आहेत, एक मागच्या आठवड्यातला आणि एक कालचा. दोन्हींत मोहरी सांडावी तसे हजारो ठिपके. कालच्या फोटोत एक ठिपका जास्तीचा आहे, तो तुम्हाला शोधायचाय. सापडला की आनंद करायचा नाही, आधी स्वतःवर संशय घ्यायचा. धूळ असेल का? की नेहमी फुगणारा-आटणारा एखादा जुनाच तारा?

एक बाई हे काम अकरा वर्षं हौसेनं करत आली आहे. पोटासाठी ती इस्पितळात एक्स-रे काढते, म्हणून तिथे तिला सगळे फोटोताई म्हणतात. अंधार पडला की ती गच्चीवर दुर्बिणीला कॅमेरा लावते आणि ताट वाढायच्या आत खाली येते.

त्या मंगळवारी तिला असा जास्तीचा ठिपका सापडला. जुन्या नकाशात त्या जागी इतकं ठळक काहीच नव्हतं. नवतारा असेल, म्हणजे स्फोटानं अचानक उजळलेला तारा? तिनं मास्तरांना फोन लावला. मास्तर म्हणजे दूरच्या गावातले निवृत्त विज्ञानशिक्षक. ताऱ्याचा उजेड रंगांत फोडून त्याचा वर्णपट काढायचं यंत्र त्यांनी घरीच बनवलं होतं.

"नवतारा म्हणायचं तर दोन साक्षी हव्यात," मास्तर म्हणाले. "वर्णपट मी काढतो, पण इथे आभाळ भरलंय. तू रोज तेज मोज. स्फोट असेल तर ते उतरायला लागेल."

तेजाच्या मोजणीचा कारभार उलटा असतो, आकडा वाढला की तारा मंदावला. फोटोताईनं तीन संध्याकाळी एकेक मिनिटाचे फोटो काढले, शेजारच्या ताऱ्यांशी ताडून पाहिले. आकडा आला आठ. दुसऱ्या दिवशी आठ. तिसऱ्या दिवशीही आठच.

"मागच्या वेळचा तुझा तारा दोन दिवसांत फिरायला निघाला होता," जेवताना नवरा म्हणाला. "हा निदान जागेवर बसलाय."

"तिला घास गिळू दे रे," सासूबाई म्हणाल्या. "तुझा शोध काय, तर टीव्हीचा रिमोट. तोही तीच शोधून देते."

फोटोताई हसली, पण नवऱ्याचं बोलणं तिला लागलं होतं. मागच्या वेळी तिनं घाईनं वेधशाळांना कळवलं होतं आणि तो तारा निघाला लघुग्रह. पुन्हा हसं झालं तर तिचा निरोप कोणी उघडूनही पाहणार नव्हतं. आणि गप्प बसावं, तर खरोखरच्या नवताऱ्याचे पहिले दिवस, जे मोठ्या दुर्बिणींना हवे असतात, ते हातचे जाणार होते.

"उद्यापर्यंत उतरला नाही तर कळवायचं नाही," त्या रात्री मास्तर फोनवर म्हणाले. "राग मानू नकोस, पोरी."

दुसऱ्या दिवशी सकाळी इस्पितळात एक काटकुळे आजोबा छातीच्या फोटोला आले. आधीचा पेशंट चांगला धिप्पाड होता, आणि यंत्राची मापं तिच्याकडून तशीच राहिली. पडद्यावर फुप्फुसांच्या जागी नुसता सपाट, एकरंगी पट्टा आला.

"काही नाही का माझ्या आत?" आजोबांनी विचारलं.

"आहे हो आजोबा, भरपूर आहे. मीच जास्त उजेड ओतला. माफ करा, परत एकदा श्वास धरा."

बोलता बोलता ती थबकली. बादली भरली की वरून कितीही ओता, पाणी काठापर्यंतच दिसतं. तिच्या कॅमेऱ्याची बादली मिनिटभरात काठोकाठ भरत होती. आठ हा ताऱ्याचा आकडा नव्हताच, तो बादलीचा काठ होता.

घरी येऊन ती चप्पल काढायच्या आधी कॉम्प्युटरपाशी गेली. फोकस जुळवायला ती रोज आधी दोन-दोन सेकंदांचे फोटो काढायची. ते कोणी मोजत नाही, पण तिनं कधी पुसलेही नव्हते. तिला एक्स-रे शिकवणाऱ्या मामांनी पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं, बिघडलेला फोटो फेकू नकोस, बाकीचे का बिघडले ते तोच सांगतो. त्या फोटोंतले आकडे आले ६.९, ७.३, ७.७. तारा रोज उतरत होता.

त्याच संध्याकाळी मास्तरांचं आभाळ उघडलं. त्यांनी पाठवलेल्या वर्णपटात हायड्रोजनच्या रेषा ऐसपैस पसरल्या होत्या आणि प्रत्येकीच्या निळ्या अंगाला एक काळी खाच होती. सेकंदाला हजार किलोमीटरहून जास्त वेगानं वायू आपल्याकडे झेपावत असल्याची ती खूण. आता शंका उरली नाही. दोघांच्या नावानं निरोप गेला आणि सकाळी दोन मोठ्या वेधशाळांची उत्तरं आली.

फोटोताईनं सगळ्यांत आधी मामांना फोन करून सगळं सांगितलं. त्यांना आता जिना चढवत नाही, पण चौकशी जुनीच.

"पेशंट कसा आहे?"

"रोज थोडा उतरतोय, मामा. तुमच्यामुळे सापडला."

"मी काय केलं? फोटो तू ठेवलेस."

"ठेवायला कोणी सांगितलं?"

पलीकडे मामांनी विषयच बदलला. "जेवलीस का?"

स्फोट होतो तो एका खुज्या, विझत आलेल्या ताऱ्यावर. तो शेजाऱ्याचा वायू ओढत राहतो आणि साठलेला वायू एक दिवस पेटतो. मास्तरांनी नंतर तिला स्फोटाच्या वीस वर्षं आधीचा, मोठ्या दुर्बिणीचा एक फोटो पाठवला. बरोबर त्या जागी त्यात एकमेकांना चिकटलेले दोन अंधुक ठिपके आहेत. खुजा तारा आणि त्याचा शेजारी इतके जवळ असतात की दोघांचा मिळून एकच ठिपका दिसतो, म्हणजे दुसरा ठिपका भलत्याच कुठल्या ताऱ्याचा. नवतारा पुरता विझायला काही वर्षं जातील, त्यानंतरच नीट ताडून पाहता येईल. तोवर फोटोताई तो फोटो मधूनमधून उघडते आणि मोठा करून पाहते. या दोघांतला पेटला तो कोणता?