धम्मरत्नभाऊंची पेन्सिल

मी रंगमंचावर चारशेच्या वर खून केले. खंजिराने, विषाने, एकदा खंजीर विंगेतच राहिला म्हणून नुसत्या नजरेने. टाळ्या पडल्या! पण मोताळ्याच्या आमच्या वाचनालयात धम्मरत्न इंगळे यांनी माझी सारी कारकीर्द एका वाक्यात निकाली काढली, "तुमच्या एकाही खुनाचा पंचनामा नाही झाला."

धम्मरत्नभाऊ बुलढाण्याच्या कोर्टात कारकून होते. निवृत्तीनंतर रहस्यकथा आणि जादूच्या कादंबऱ्या वाचू लागले, पण नजर कोर्टाचीच राहिली. पुस्तक संपलं की शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने शेरा. एका राजपुत्राने उडता साप मारून राज्य मिळवलं, तर खाली : 'वारस दाखला जोडलेला नाही. तलवार जादूची असली तरी परवाना लागतो. सापाचं म्हणणं ऐकून घेतलेलं नाही.' गुप्तहेराने वासावरून विष ओळखलं, तर : 'तपासणीचा अहवाल आठ महिन्यांनी येतो. हा कोणत्या जिल्ह्यात राहतो?'

एका कादंबरीत मात्र त्यांना धीर धरवला नाही. चाळिसाव्या पानावरच त्यांनी समासात लिहिलं : 'खून सासऱ्याने केला.' ते खरं निघालं, हीच पंचाईत. भाऊंनंतर ते पुस्तक घरी नेलेल्या गजेंद्र मास्तरांनी ते तिथेच मिटलं आणि तक्रार केली.

ग्रंथपाल सिंधूताईंनी भाऊंना बोलावलं. "आठ दिवसांत सगळे शेरे खोडा, नाहीतर कार्ड जमा करा."

"सगळे काऊन? गुन्हा तं एका पानाचा हाय."

"इथं कोर्ट माझं हाय, भाऊ."

भाऊ घरी एकटे. वाचनालय सुटलं तर हा माणूस दुपारभर भिंतीवरचं कॅलेंडर वाचेल आणि एकादशीवरही शेरा मारेल, हे मला दिसत होतं. मीही एक खोडरबर घेऊन शेजारी बसलो.

खोडण्याआधी प्रत्येक शेरा मी खड्या आवाजात वाचायचो. सवय! लोकांनी पेपर खाली ठेवले. तेव्हा ध्यानात आलं, शेऱ्यांखाली दुसऱ्यांनीही लिहिलंय. 'हाव साहेब, मलेही सापाची दया आली.' मी रबर टेकवणार, तोच भाऊंनी माझा हात धरला.

"ते नका खोडू. दुसऱ्याचा जबाब हाय तो."

शेवटी सासऱ्याची कादंबरी उघडली. शेवटच्या कोऱ्या पानावर भाऊंच्या शेऱ्याखाली टपोऱ्या अक्षरात होतं : 'सासऱ्यावर मलेही पहिल्यापासून शक होता. पण भाऊ, सुनेबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाही. ती काऊन गप्प राह्यली?'

भाऊंनी ते दोनदा वाचलं. खिशातून वाचनालयाचं कार्ड काढलं. कार्डावर सिंधूताईंनी लिहिलेल्या 'इंगळे'मधला ग आणि 'गप्प'मधला ग, दोघांची पोटं सारखीच फुगलेली. ते उठले. पुस्तक आणि कार्ड सिंधूताईंच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवलं.

"ताई, एकतीस वर्षं मी कोर्टात सह्याच ताडून पाहिल्या."

अशी शांतता मिळावी म्हणून मी उभा जन्म रंगमंचावर धडपडलो. इथे ती फुकटात मिळाली. सिंधूताईंनी पुस्तक पाहिलं, कार्ड पाहिलं, पंखा पाहिला. मग कार्ड भाऊंकडे सरकवलं.

"चाळिसावं पान खोडा. बाकीचं राहू द्या." आणि जरा हळू, "पण सुनेचं सांगा ना भाऊ."

भाऊंनी खुर्ची ओढली.

"ती माफीची साक्षीदार होती, ताई. जबाब कोर्टात द्याचा, म्हून घरात गप्प राह्यली. फक्त लेखकालेच ते समजलं नाही."