मोरचूद, चुना आणि माझा प्रयोग

सौंसरला मी एका खासगी शाळेत चित्रकला शिकवते. शिकवते म्हणायचं. खरं तर बारा वर्षांपासून मी नुसते मोर काढून राहिली आहे. पालकसभा असली की फळ्यावर मोर, पाहुणे आले की दारात रांगोळीचा मोर, गॅदरिंगला थर्माकोलचा मोर. आमच्या प्राचार्यांना मोराच्या पुढची कला माहीत नाही आणि पालकांना डोंगरामागून उगवणाऱ्या सूर्याच्या पुढची. एखाद्या पोरानं जरा वेगळा रंग लावला की त्याची आई दुसऱ्या दिवशी वही घेऊन हजर. ‘मॅडम, आकाश हिरवं कसं काय?’ कप्पाळ माझं! मला एवढंच हवं होतं की ज्यात मोर नाही, सूर्य नाही, झोपडी नाही असं माझ्या हातचं एक तरी चित्र एखाद्या धड हॉलमध्ये, धड उजेडात भिंतीवर लागावं. एकदा. मग पुन्हा मोर काढायला मी तयार होते.

दोन वर्षांपूर्वी पांढुर्ण्याला एका मंडळानं अमूर्त चित्रकलेचं तीन दिवसांचं शिबिर ठेवलं. शिकवायला नागपूरहून एक सर आले होते. मानेवर बुचडा, गळ्यात तीन माळा. ‘रंगाला बोलू द्या,’ म्हणायचे. रंग कुठला बोलतो बाप्पा! सकाळी दहापासून तेच बोलून राहिले होते. ओल्या रंगावर मीठ टाका, वरून केस वाळवायचं मशीन फिरवा, कंगव्यानं ओरखडे ओढा, पेपरचे तुकडे चिकटवा. बाजूच्या बाया आपापल्या कॅनव्हासचे फोटो काढून ‘अय्या, किती डीप आलं!’ करत होत्या. एकीच्या चित्रात तर मला सरळसरळ सांडलेला वरणभात दिसला. सर तिला म्हणाले, ‘व्वा.’ माझ्यापाशी आले, मलाही ‘व्वा’, त्याच आवाजात. अंगाचा तिळपापड झाला माझ्या. जाताना त्यांनी सांगितलं की हिवाळ्यात याच हॉलमध्ये प्रदर्शन आहे, निवडून बाराच चित्रं लावणार, आणि साहित्य बाजारातलं नको, स्वतः शोधलेलं पाहिजे. शोधलेलं म्हणे! त्यांनी स्वतः काय शोधलं होतं, तर मीठ.

घरी आम्ही दोघंच, मी आणि बाबा. मोहगावच्या वाटेवर आमचा संत्र्याचा बगीचा आहे. पावसाळ्याआधी एकदा आणि पावसाळा सरल्यावर एकदा झाडांच्या बुंध्याला बोर्डो लावतात. बोर्डो म्हणजे मोरचूद आणि चुना पाण्यात कालवून केलेला निळा लेप, त्यानं बुरशी धरत नाही. ते प्लास्टिकच्या ड्रमात कालवायचं आणि लावायच्या आधी त्यात लोखंडी विळा बुडवून पाहायचा. विळ्यावर लाल चढलं म्हणजे चुना कमी पडला, झाडाची साल जळणार. मग विळा कोरा निघेपर्यंत चुना टाकत राहायचं. लहानपणी विळा बुडवायचं काम माझ्याकडे असायचं. ते तांब्यासारखं ओलं लाल मला फार आवडायचं. पण बाबांना ते दिसलं रे दिसलं की ‘आंबट झालं’ म्हणत चुन्याची ओंजळ टाकायचे, आणि पुढच्या खेपेला विळा कोरा.

तेच लाल मी उचललं. मोटरच्या खोलीवरचा जुना पत्रा उतरवून घासला आणि त्यावर मोरचुदाच्या पाण्याचे हात देत गेले. पत्र्यावर काय लाल फुललं म्हणून सांगू! त्याच्यावर सरकीसकट कापूस डकवला, बारदान्याचे तुकडे लावले, पोळ्याला बैलांच्या शिंगांना लावतात ती सोनेरी बेगड लावली, मधूनमधून गुलाबी-पिवळा रंग ओढला. माझ्या खोलीत पंधरा दिवस गेले त्यात. सरांना फोटो पाठवला तर लगेच विचारणा आली, हे तंत्र कुठलं? मी लिहिलं, ‘माझा प्रयोग आहे.’

बाबांचं नाव लिहायचं माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही. बाबांना चित्रातलं कळणं म्हणजे कॅलेंडरवरचा देव ओळखणं, बस. एकदा माझ्या कॅनव्हासकडे बराच वेळ पाहत उभे होते. मला वाटलं, आता काही तरी म्हणतील. तर म्हणाले, ‘हे धुतलं तं निंगून जाईन का?’ त्या दिवसापासून मी त्यांना काही दाखवणंच सोडलं.

चित्र पांढुर्ण्याला पोचवायला तीन दिवस उरले होते. शेवटचा हात देऊन पत्रा मी अंगणात ठेवला, मोरचुदाची बादली बाजूला तशीच राहिली, आणि शाळेत गेले. बगीच्यात तेव्हा पावसाळ्यानंतरचा बोर्डो लावणं सुरू होतं. संध्याकाळी आले तर बाबा पत्र्याजवळ उकिडवे बसलेले, हातात चुन्याचं टोपलं. अर्ध्या पत्र्यावर पांढरा-निळा रेंदा पसरला होता. 

‘बाबा! हे काय केलं तुमी?’

‘लाल आलं होतं बाई,’ ते म्हणाले. ‘आंबट झालं होतं. कापूस-बेगड कायले ते नाही समजलं, मले वाटलं तू बगीच्यासाठी करून राहिली, अन् पत्र्यावर लावून पाहून राहिली. अशा बोर्डोनं झाडं जयले असते. बादलीत चुना टाकला थोडा, अन् पत्र्यावर पुन्हा लावून पाह्यलं.’ आणि वर हसले. मी कामाला हात लावला म्हणून खूश झाले होते.

‘चित्र होतं ते! पंधरा दिवसांचं चित्र होतं! जिनगीभर झाडाचे बुडं रंगवले तुमी, तुमाले काय समजते चित्रातलं? गाढवाले गुळाची चव काय!’

हे मी माझ्या बापाला म्हटलं. शेजारची बाई गच्चीवर कपडे काढत होती, तिनंही ऐकलं.  बाबा घरातून ओलं फडकं आणून पुसायला वाकले, तर ‘हात लावू नका’ म्हणून तेही मी हिसकावलं.  त्या रात्री जेवताना त्यांनी दुसऱ्यांदा भाजी मागितली नाही.

दुसरा पत्रा करायला वेळ नव्हता. रागारागानं मी तोच उन्हात टेकवून ठेवला. वाळता वाळता चुना आणि मोरचूद एकमेकांत मुरले आणि असं आभाळी निळं उतरलं की मी तोंडात बोट घातलं. त्याला बारीक भेगा पडल्या, भेगांमधून खालचं लाल डोकावू लागलं. आदल्या दिवसापर्यंत माझं चित्र नुसतं नीटनेटकं होतं. आता ते चित्र झालं होतं. मला ते कळलं, पहिल्या नजरेतच कळलं. बाबांना मात्र मी काही म्हटलं नाही. पत्रा चादरीत गुंडाळला आणि नेऊन दिला.

बारा चित्रांत माझं लागलं. मधल्या भिंतीवर, दोन दिव्यांखाली. बाबा इस्त्रीचा पायजमा-सदरा घालून आले होते, माझी पिशवी धरून माझ्या मागे मागे फिरत होते. वरणभातवाली बाईसुद्धा आली होती, तिचं लागलं नव्हतं, याचा मला मनापासून आनंद झाला. मग सर आले. माझ्या पत्र्यापुढे उभे राहिले आणि चक्क पाच मिनिटं बोललेच नाहीत. मग म्हणाले, ‘कापूस, बेगड वगैरे ठीक आहे. पण चित्र आहे ते हे निळं. इथे हात घाबरला नाही. हे ठरवून केलं की आपसूक झालं?’

बाबा माझ्यापासून हातभर अंतरावर उभे होते.

‘ठरवून केलं,’ मी म्हणाले.

विचार करायला क्षणही लागला नाही मला. सर म्हणाले, ‘व्वा.’ या वेळचा व्वा वेगळा होता. लोकांनी माझे चित्रासोबत फोटो काढले. एकानं बाबांना ‘काका, जरा बाजूला होता का?’ म्हटलं. ते झाले.

परतीच्या बसमध्ये बाबा पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. म्हणाले, ‘बढिया झालं बाई. म्या कोणालेच नाही सांगतलं, का चुना म्या टाकला मनून. कायले सांगा? तुह्या चित्राचं नाव खराब झालं असतं.’ त्यांच्या आवाजात रुसवा नव्हता, काही नव्हतं. सौंसर येईपर्यंत मी खिडकीबाहेर पाहत बसले. शाळेचे प्राचार्य, पालक, सर, त्या बाया, साऱ्यांना मी आजवर हलक्यात काढलं होतं. त्या बसमध्ये मला माझ्याइतकी हलकी बाई दुसरी दिसली नाही.

तरी ते चित्र तुमच्या चुन्यानंच झालं, हे मी बाबांना बोलले नाही. उद्या सांगू, परवा सांगू म्हणत उन्हाळा आला. मे महिन्यात पुन्हा बोर्डोचे दिवस आले. एका सकाळी बाबांनी मला बगीच्यात बोलावलं. ड्रम कालवून तयार होता. त्यांनी खांद्यावरच्या दुपट्ट्यानं विळा पुसला आणि माझ्या हातात दिला.

‘तूच पाह्य बाई,’ ते म्हणाले. ‘मले काय समजते.’

टोमणा असता तर मी सहन केला असता. टोमणा नव्हता तो. त्यांना ते पटलं होतं.

मी विळा बुडवला, काढला. पात्यावर लाल चढलं होतं. चाळीस वर्षं ओंजळीच्या अंदाजानं चुना टाकणारा माणूस टोपलं धरून माझ्या तोंडाकडे पाहत उभा राहिला.

‘किती टाकू?’ त्यांनी विचारलं.

मला माहीत नव्हतं.