दादाच्या मोटरहोमची टाकी

दादा तिला मोटरहोम म्हणायचा, गाव व्हॅनिटी म्हणायचं. आमच्या भिवंडीकडच्या जमिनींवर गोदामं उभी राहिल्यापासून दादाला अधूनमधून काहीतरी मोठं विकत घ्यायची उबळ येते. या खेपेला ही आली, कुणीतरी वापरून कंटाळलेली. आत पलंग, ओटा, टीव्ही, छताला निळे दिवे आणि मागच्या कोपऱ्यात संडास. टीव्ही दादानं मला तीनदा दाखवला. संडास मीच उघडून पाहिला, कारण आम्हाला हवा होता तो तेवढाच.

आईला लघवी धरवत नाही, दर अर्ध्या तासाला उठावं लागतं. दादाला काय, हायवेला पडघ्याच्या पुढे कुठंही गाडी थांबवून रस्त्याकडे पाठ केली की झालं. बाईमाणसानं काय करायचं? म्हणून चार वर्षं आई धुळ्याला थोरल्या बहिणीकडे गेली नव्हती. खरं कारण सांगायची तिला लाज वाटायची. मग कधी पाय दुखायचा, कधी पाव्हणे यायचे, आणि ते मावशीला फोनवर कळवायचं काम माझं. आता मावशीनं अंथरूण धरलं होतं. गाडी आली तशी आई कधी नव्हे ते आपणहून म्हणाली, "चला, जाऊन येऊ."

पण दादाला मुहूर्त मिळेपर्यंत दोन महिने गेले. तेवढ्यात निम्मं शेलार गाव गाडी बघून गेलं. संडास वापरून बघा, असा आग्रह दादा एकेकाला करायचा, जसा कुणी जिलेबीचा करावा. खालच्या मैल्याच्या टाकीचा पाईप त्यानं घरच्या सेप्टिक टँकमध्ये सोडला आणि टाकीचा कॉक कायम उघडा ठेवला.

"गाडी म्हणजे लक्ष्मी हाय. तिच्या पोटात घाण साठवायची कशाला?" असं त्याचं शास्त्र.

निघायच्या सकाळी वासानं लक्ष्मीच्या पोटात पाऊल टाकवेना. कॉक उघडा असल्यामुळे पाणी तेवढं वाहून गेलं होतं आणि बाकीचा ऐवज थरावर थर सुकून बसला होता. टाकी आतून धुवायला एक फवारा असतो. बाहेरून नळी जोडायची आणि पाणी सोडायचं. दादानं सोडलं. फवारा जरासा फुसफुसला आणि गप्प झाला. मग आमचे थोर इंजिनिअर टेम्पो धुवायचा पंप घेऊन आले. जोर इतका लावला की नळी निसटली आणि सगळं पाणी त्याच्या पांढऱ्या शर्टावर. दुर्दैवानं ते स्वच्छ होतं.

यानंतर त्यानं तेच केलं जे आमच्याकडचे पुरुष घाणीपाशी आले की करतात. खिशातून फोन काढला. "अरे भाई, एक आदमी भेज ना, अर्जंट है." आदमी दोन दिवस मिळणार नव्हता.

आईनं तोवर पिशवीतली लुगडी काढून परत कपाटात ठेवायला घेतली होती.

"ऱ्हाऊ दे. मी न्हाय येत," ती मला म्हणाली. "तिला सांग, पाय दुखतोय."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. गाडीबरोबर आलेली माहितीची पुस्तिका प्लास्टिकमधून बाहेरही निघाली नव्हती. वाचून काही करणं दादाला कमीपणाचं वाटतं. तिच्या तिसऱ्याच पानावर होतं: कॉक बंद ठेवा, टाकी बरीचशी भरू द्या, मगच एकदम सोडा. मी हातमोजे चढवले आणि फवाऱ्याचं तोंड खोललं. त्याची भोकं क्षारानं बुजली होती. ते लिंबूसत्त्वाच्या पाण्यात टाकलं. टाकीतलं कशानं खरवडावं याचा मी विचार करत होते, तेवढ्यात आई मागून म्हणाली, "करपलेलं पातेलं खरवडीत न्हाईत. भिजत घालायचं."

कॉक बंद करून टाकीत पाणी आणि साबण ओतला. दुपारपर्यंत भिजवलं. आता घुसळायला हवं होतं, आणि घुसळायला भिवंडीसारखं ठिकाण त्रिभुवनात नाही. दादाला मी गोदामांच्या रस्त्यानं गाडी काढायला लावली. तो नाकाला रुमाल बांधून चालवत होता आणि मी शेजारी बसून खड्डे दाखवत होते.

"तो चुकवू नकोस. हा बघ, हा चांगला मोठा आहे."

या रस्त्यांना मी जन्मभर शिव्या घातल्या. त्या दिवशी एकेक खड्डा सत्कारणी लागला. दोन फेऱ्या मारून घरी आलो, पाईप जोडला, कॉक उघडला आणि जे होतं ते धडाधड निघून गेलं. मग फवारा बसवून पाईपातून नितळ पाणी येईपर्यंत टाकी धुतली. संध्याकाळी दादा फोनवर कुणाला तरी सांगत होता, "टेक्निकल प्रॉब्लेम होता. काढला मी."

दुसऱ्या दिवशी धुळ्यापर्यंत कितीतरी वेळा गाडी कडेला घेतली. आई मागे जायची आणि निवांत येऊन बसायची. पोचल्याबरोबर दादा मावसभावांना निळे दिवे दाखवायला बाहेर थांबला.

मावशीनं आईचं मनगट धरलं. "माझ्या धाकट्याच्या लग्नात तुझी मानाची साडी द्यायची राहिली, म्हणून तू मला तोडलंस असं धरून चालले मी. फोन ठेवला की रडायचे."

आईनं खाली वाकून खरं कारण तिच्या कानात सांगितलं. मावशीनं आईकडे नाही, माझ्याकडे पाहिलं.

"मग तू का न्हाय सांगितलंस गं मला?"

दोन दिवस दादाला नावं ठेवणारी मी, तिच्या उशाशी मान खाली घालून उभी राहिले. लाज आईची होती. फोनवर खोटं बोलत होते ती मी.