नात बर्फात, जीव माझा लोह्यात

मी इथं लोहा गावात बसून सांगून राहिले, सून लिहून राहिली. मला अक्षर येत न्हाई, पण गप्पबी बसवत न्हाई.

मघाशी कॅनडातून नातीचा व्हिडिओ कॉल आला. "आज्जी, गाडी बर्फात रुतली. हलकी हाय, चाकं जागीच फिरतात."

म्हणलं, "डिक्कीतली मी शिवून दिलेली जुन्या लुगड्याची वाकळ मागच्या चाकाखाली घाल." आपलं ट्रॅक्टर चिखलातून तसंच निघतं.

गाडी हलंना.

"आज्जी, या गाडीला पुढची चाकं ओढतात!"

"मग बैलगाडीच म्हण की! घाल पुढं."

निघाली एकदाची. "वाकळ फाटली गं, आज्जी."

"फाटू दे. पोचल्यावर फोन कर."

अजून फोन न्हाई. सून म्हणती, कामाला लागली असंल.

बायांनो, तुमची लेकरं पोचल्यावर सांगतात का, का तुम्हीबी फोन मांडीवर घेऊन बसता?