न दिलेला इशारा

आत्याचे हात बोलके आहेत असं कुणी म्हटलं की तिला राग यायचा. बोलके हात नाटकवाल्यांचे, ती म्हणायची, माझे कामाचे. आणि काम तरी कसलं! उंच इमारतीचा सांगाडा उभा राहत असतो तिथे खाली हेल्मेट घालून उभं राहायचं आणि वरच्या क्रेनवाल्याला हातांनी सांगायचं: उचल, थांब, हळू, डावीकडे, सोड. क्रेनवाला इतका वर बसलेला की त्याला आपण उचललेलं ओझंही धड दिसत नाही. त्याला दिसतात ते आत्याचे दोन हात. त्यांच्याच भरवशावर तो लोखंडी तुळया माणसांच्या डोक्यांवरून फिरवतो. म्हणून कामावर असताना आत्या नाक खाजलं तरी खाजवत नसे. हात उगाच हलला तर वर त्याचा अर्थ लागतो, आणि खाली कुणाचं तरी घर बसतं.

क्रेनवाल्याला सगळे ‘वरचे मामा’ म्हणत. ‘वरच्याची इच्छा’ हा तिथला शिळा विनोद. मामा मात्र म्हणायचे, “वरच्याला काय कळतंय? इथे खालच्या बाईची इच्छा चालते.”

लग्न आत्याने केलं नाही. कुणी खोदून विचारलंच तर ती म्हणे, “एवढी तुळई माझ्या बोटावर नाचते. नवरा काय नाचणार?” ती भावाकडे राहायची. भाऊ जहाजावर, महिनोन् महिने पत्ता नाही. वहिनी इस्पितळात नर्स, कधी दिवसपाळी, कधी रातपाळी. तेव्हा भाचीचं वेणीफणीपासून तापापर्यंत सगळं आत्याच्या गळ्यात पडलं होतं, आणि तिने ते कधी काढून टाकायचं मनात आणलं नाही. भाची बुटकी, टणक आणि एका जागी न टिकणारी, म्हणून तिचं नाव पडलं गोटी.

गोटीला शाळेत बेसबॉलचा नाद लागला. तिला न्यायला आलेली आत्या कुंपणाशी उभी राहून बघायची. शिकवणाऱ्या सरांनी एक दिवस तिला विचारलं, “बाई, तुम्ही करता काय?” तिने सांगितलं. सर म्हणाले, “मग बाहेर काय उभ्या आहात? आत या.” तेव्हापासून गोटीच्या संघाची तिसऱ्या बेसजवळ, म्हणजे धावायच्या तिसऱ्या ठाण्याजवळ, उभी राहणारी इशारेवाली आत्याच. बॅट घेऊन उभ्या असलेल्या मुलीने प्रत्येक चेंडूआधी तिकडे बघायचं आणि तिथून हात सांगतील ते करायचं. समोरच्यांना कळू नये म्हणून आत्या नाकाला, कानाला, पट्ट्याला, कुठेही हात लावायची. ते सगळं खोटं. टोपीच्या कडेला हात लागला की त्यानंतरचं खरं. टोपी आणि मग कोपर म्हणजे बंट: बॅट फिरवायची नाही, नुसती आडवी धरायची, चेंडू टुपकन पुढ्यात पाडायचा. इतक्या वर्षांत आत्याचा एक इशारा चुकला नव्हता.

गोटी शाळेतून जिल्ह्यात गेली, जिल्ह्यातून विभागात. दर पायरीवर निम्म्या मुली गळाल्या, रडल्या, घरी गेल्या. शेवटी उरली ती दोन विभागांची लढत. देशाच्या पंधरा वर्षांखालच्या मुलींच्या संघाची निवड समिती ती बघणार होती आणि खेळ संपला की तिथेच नावं वाचणार होती. गोटी पुढच्या वर्षी या गटात बसणार नव्हती. जे व्हायचं ते आजच.

आणि नेमकं आत्याला जे माहीत होतं ते सरांनाही माहीत नव्हतं. मध्यंतरी सरावात एक चेंडू गोटीच्या गालावर बसला होता. टाके पडले, टाके निघाले, गोटी हसत परत खेळायला लागली, सगळे म्हणाले वा, पोर शूर आहे. पण अंगाजवळ चेंडू आला की पोरीची मागची टाच कणभर सरकते, हे आत्याला दिसत होतं. आत्याने ते तिला कधी म्हटलं नाही. भीतीचं नाव घेतलं की ती घरात राहायलाच येते, असं तिचं मत. ते चुकीचं असेलही.

त्या दिवशी समोरची पिचर, म्हणजे चेंडू टाकणारी, होती एक ताडमाड मुलगी. तिला मैदानावर ‘तोफ’ म्हणत, आणि ते नाव उगाच पडलेलं नव्हतं. तिचा चेंडू कॅचरच्या हातमोज्यात बसला की आवाज कुंपणाबाहेर ऐकू जायचा. गोटीच्या पहिल्या दोन पाळ्या धड ना चांगल्या, धड ना वाईट गेल्या. समितीच्या मुख्य बाई, स्वतः एके काळच्या पिचर, टेबलाशी हाताची घडी घालून बसल्या होत्या. त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळेल तर शपथ. रविवार म्हणून वरचे मामाही बघायला आले होते आणि मिनिटामिनिटाला शेजारच्याला सांगत होते, “ती तिकडे उभी आहे ना, ती आमची बाई.”

शेवटची पाळी. आपली एक मुलगी तिसऱ्या बेसवर, म्हणजे आत्याच्या हाताशीच. गोटी बॅट घेऊन उभी राहिली. पहिला चेंडू सणसणत गेला, स्ट्राइक. दुसरा गोटीने उशिरा बॅट फिरवून हुकवला, स्ट्राइक. आता एकच उरला; तिसरा स्ट्राइक म्हणजे बाद.

आत्याने हात खाली सोडले. सांगण्यासारखं काही नव्हतंच. दोन स्ट्राइकनंतर बंट करायला गेलं आणि चेंडू रेषेबाहेर गेला तर थेट बाद, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. इथे बॅट फिरवायची, बस. गोटीने तिच्याकडे बघितलं. आत्याने नुसती मान हलवली: मार.

तोफेने चेंडू टाकला. तो आत आला, अंगाकडे. गोटीची टाच सरकली, आणि बॅट फिरायच्या ऐवजी आडवी झाली. चेंडू तिच्या कडेला लागून रेषेबाहेर गडगडत गेला.

बाद.

सरांनी कपाळाला हात लावला. गोटी खाली मान घालून आली तेव्हा ते ओरडले नाहीत. “अगं, हे काय केलंस?”

“इशारा होता,” गोटी म्हणाली.

“कुणाचा?”

“आत्याचा. टोपी, मग कोपर.”

बुडत्याला काडी मिळावी तसे सर तडक समितीच्या टेबलाकडे धावले. मुलीने आज्ञा पाळली, चूक इशाऱ्याची, तिच्या माथी कशी मारता, असं ते हातवारे करून सांगू लागले. दहाजणांनी ऐकलं. मुख्य बाईंनी आत्याला बोलावलं.

आत्या मैदान ओलांडून निघाली. आपला हात हलला नव्हता. हे तिला जितकं पक्कं ठाऊक होतं तितकं स्वतःचं वयही ठाऊक नव्हतं. पोर खोटं बोलली होती. खरं सांगितलं तर गोटी भित्री आणि वर खोटारडी, दोन्ही एका दमात, देशाच्या निवड समितीसमोर. नाही सांगितलं तर आपला हात चुकला असं आपल्याच तोंडाने म्हणायचं. आपलेच दात, आपलेच ओठ! तिने गोटीकडे बघितलं. गोटी बुटांकडे बघत होती.

“तुम्ही बंट सांगितला होतात?” मुख्य बाईंनी विचारलं.

“हो,” आत्या म्हणाली.

“दोन स्ट्राइकवर?”

“हात चुकला माझा.”

मुख्य बाई तिच्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “आम्हाला पोरगी पारखायची आहे, इशारे नाहीत. बाद धरलंय ते राहील; निवडीपुरतं तिला पुन्हा उभं करा. तिसऱ्या बेसवर दुसरं कुणीतरी जाऊ दे.”

आत्या कुंपणाबाहेर येऊन उभी राहिली. शेजारी मामा होते. टेबलापाशी ती काय म्हणाली ते कुंपणापर्यंत पोचलं होतं; मामा एक पाऊल बाजूला सरकले. आत्याला तिकडे बघवेना. तिने डोळे गोटीवर लावले. पुन्हा तीच तोफ, पुन्हा तोच वेग. एक स्ट्राइक. एक लांब बाहेर. मग एक आत, गालाच्या रोखाने. गोटीची टाच जागची हलली नाही. ती फक्त मान मागे घेऊन उभी राहिली आणि चेंडू नाकासमोरून गेला. पुढच्या चेंडूवर बॅट फिरली, आणि तो टोला दोन मुलींच्या मधून असा सुटला की समितीतले एक गृहस्थ खुर्चीतून अर्धे उठले.

नावं वाचली तेव्हा गोटीचं नाव होतं. मुलींनी तिला उचललं. सर डोळे पुसत होते. आत्याच्या मनात आनंद उसळला, अगदी खरा, आणि त्याच्या मागोमाग मामांचा आवाज आला.

“बाई, एक सांगू? राग मानू नकोस.” मामा हातातली टोपी उलटीसुलटी करत होते. “उद्या मी साहेबांना सांगतो, माझ्या खाली दुसरं कुणी दे म्हणून.”

“मामा...”

“खेळात चुकला, मला मान्य आहे. पण मला आता वर बसून मनात येणारच ना, की हा खरा का चुकलेला? तेवढा एक क्षण मी थांबलो की खाली माणूस मरेल. हात चुकला असं तू स्वतः म्हणालीस. दुसरं कुणी म्हटलं असतं तर मी त्याचे दात पाडले असते.”

काय सांगणार? मामांच्या पोटात तीळ भिजत नाही. खरं सांगितलं तर ते फाटकापर्यंत पोचायच्या आत समितीच्या टेबलावर असतं. “बरं,” ती म्हणाली. मामा गाडी लावली होती तिकडे निघाले.

गोटी मागेच उभी होती. बक्षीस म्हणून मिळालेली नवी टोपी तिच्या हातात होती. तिने सगळं ऐकलं होतं.

“तू का सांगितलंस हो म्हणून?” ती म्हणाली. “मला वाटलं तू नाही म्हणशील. मला वाटलं तू माझं थोबाड फोडशील.”

“घरी चल, फोडते.”

“मामा आता तुझ्याबरोबर काम करणार नाहीत?”

“दुसरं काम मिळेल. फाटकावर बसेन. गाड्या मोजेन. तू चल.”

गोटी हलली नाही. तिचा चेहरा पांढरा पडला होता, टाके पडलेली जागा तेवढी लाल. मग ती वळली आणि मैदानातून सरळ त्या टेबलाकडे चालायला लागली.

“गोटे, परत फिर!” आत्या मागे धावली. “गोटे, अगं, मी केलंय ते केलंय. आता तू माती करू नकोस.” गोटीने चाल वाढवली. आत्या पन्नाशीची, बुटात खडा, धाप लागलेली. ती पोचेपर्यंत पोर बोलून मोकळी झाली होती.

“इशारा नव्हता. मी घाबरले आणि बंट केला. आत्या माझ्यासाठी खोटं बोलली. तिचा हात कधी चुकत नाही.”

मुख्य बाईंनी चष्मा काढला.

“घाबरलीस ते चालतं,” त्या सावकाश म्हणाल्या. “मीही घाबरायचे. पण स्वतःचं बाद होणं तू दुसऱ्याच्या नावावर टाकलंस. आणि त्या जोरावर दुसरी संधी घेतलीस, जी कुठल्याच मुलीला मिळाली नाही. मी तुला कशी ठेवू, तूच सांग.”

गोटीने टोपी टेबलावर ठेवली. शिबिराला तिच्या जागी दुसऱ्या मुलीचं नाव गेलं. ती मुलगी अजून मैदानातच एका कोपऱ्यात गुडघ्यांत डोकं घालून बसली होती. तिला हाक मारली तेव्हा तिला आधी कळलंच नाही.

मग गोटी फाटकाकडे पळाली आणि मामांची गाडी निघता निघता अडवून त्यांनाही सांगून आली. मामांनी गाडी बंद केली. “मग उद्या खाली आमचीच बाई,” ते म्हणाले.

आत्याला इतका राग आयुष्यात आला नव्हता. गोटीचा, मामांचा, त्या चष्मेवाल्या बाईचा, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा, कारण या सगळ्या रागाच्या तळाशी तिला हलकं वाटत होतं, आणि ज्या दिवशी पोरीचं एवढं मोठं नुकसान झालं त्या दिवशी हलकं वाटणं म्हणजे पापच. बसमध्ये दोघी शेजारी बसल्या. गोटी रडली ती खिडकीकडे तोंड करून. आत्याने तिच्या पाठीवर हात ठेवला. गोटीने तो राहू दिला.

घराचं दार वहिनीनेच उघडलं. ती पांढऱ्या कपड्यांत, पर्स खांद्याला लावून, पाळीवर निघालेली.

“काय गं, झालं का?” तिने विचारलं.

आत्याने गोटीकडे बघितलं. दुपारी एवढ्या माणसांपुढे धडधडीत खोटं बोललेल्या बाईला आता एक साधं खरं वाक्य जमेना.

“झालं होतं,” गोटी म्हणाली. “मग मी परत देऊन आले.”

वहिनीने दोघींकडे आळीपाळीने बघितलं. मग तिने पर्स खुंटीला लावली, पायातले बूट काढले आणि खाली बसली.